महेश्वरचे माग आणि अहिल्याबाई

महेश्वरी साडी ओळखायची ती तिच्या पदरावरून. पदरावर पाच पट्टे असतात. तीन रंगीत आणि त्यांच्यामध्ये दोन पांढरे. काठ दोन्ही बाजूंनी सारखाच उठतो, त्यामुळे साडी उलटी नेसली तरी चालते. अंगात मोर नाही, कोयरी नाही, पैठणीसारखा भरजरी डौल नाही. साधा रंग, बारीक चौकडी किंवा सरळ रेघा आणि काठावर रेखीव भौमितिक नक्षी, एवढाच तिचा थाट. मराठी घरांतील जुन्या पेट्यांमध्ये इरकली आणि नारायणपेठीच्या शेजारी महेश्वरी लुगडी घडी घालून ठेवलेली असत.

हे वस्त्र ज्यांच्या आश्रयाने नावारूपाला आले, त्या अहिल्याबाई होळकरांनी मात्र आयुष्याची शेवटची एकेचाळीस वर्षे रंगीत वस्त्र अंगाला लावले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर काही दशकांत माळव्यात आलेल्या सर जॉन माल्कम याने त्यांना पाहिलेल्या माणसांकडून माहिती गोळा केली. त्याने नोंदवले आहे की, पतीच्या निधनानंतर त्या पांढऱ्या वस्त्रातच वावरल्या आणि गळ्यातील एका लहानशा माळेखेरीज त्यांनी दागिना घातला नाही. स्वतःसाठी रंग वर्ज्य केलेल्या या स्त्रीच्या राजधानीत रंगांचे माग उभे राहिले. ते कसे उभे राहिले, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या आयुष्याकडे वळावे लागते.

चौंडीची मुलगी

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. जामखेड तालुक्यातील हे गाव आज अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात येते. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. घराणे धनगर समाजातले. मेंढरे, लोकर आणि घोंगडी यांच्याशी या समाजाचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी, की स्वारीच्या वाटेवर चौंडीला मुक्काम पडला असता मल्हारराव होळकरांनी ही मुलगी देवळात पाहिली, तिची शालीनता त्यांच्या मनात भरली आणि त्यांनी तिला आपला मुलगा खंडेराव याच्यासाठी मागणी घातली. १७३३ मध्ये हा विवाह झाला, तेव्हा अहिल्याबाई अवघ्या आठ वर्षांच्या होत्या.

मल्हाररावांनी आपले राज्य घोड्याच्या पाठीवर मिळवले होते. ते सतत मोहिमेवर असत आणि घरी दौलतीचा व्याप वाढत होता. सासूबाई गौतमाबाईंच्या हाताखाली अहिल्याबाई त्या व्यापात शिरल्या. हिशेब पाहणे, वसुलीवर नजर ठेवणे, छावणीला रसद आणि दारूगोळा पोहोचवणे ही कामे त्यांच्याकडे आली. मल्हाररावांनी सुनेला लिहिलेली पत्रे आजही उपलब्ध आहेत. तोफखाना घेऊन कोठे जावे, मुक्काम कोठे करावा, दाणागोटा कसा साठवावा, अशा सूचना त्यांत आहेत. त्या काळी सासऱ्याने सुनेवर असा विश्वास टाकणे ही साधी गोष्ट नव्हती. १७४५ मध्ये मुलगा मालेराव आणि १७४८ मध्ये मुलगी मुक्ताबाई झाली.

१७५४ मध्ये मराठ्यांनी सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला. त्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव मारले गेले. अहिल्याबाईंच्या वयाला अद्याप एकोणतीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. रीतीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. एकुलता एक मुलगा गमावलेल्या मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले. आता तूच माझा मुलगा, अशा अर्थाने त्यांनी विनवल्याचे सांगितले जाते. अहिल्याबाई मागे फिरल्या. मात्र त्या दिवसापासून त्यांच्या अंगावर पांढरे वस्त्र आले ते कायमचे.

एका कारागिराची कथा

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचे निधन झाले. सरदारकीची वस्त्रे नातू मालेराव याला मिळाली. वस्त्रे मिळणे हा शब्दप्रयोग येथे शब्दशः घ्यायचा आहे. मराठेशाहीत पद दिले जाई ते वस्त्रांच्या रूपाने. पागोटे, शेला, अंगरख्याचे कापड यांचा मान स्वीकारला की अधिकार मिळे. लग्नकार्य, सण, वकिलांची पाठवणी, लढाईतील पराक्रम, अशा प्रत्येक प्रसंगी कोणाला कोणत्या प्रतीचे वस्त्र द्यायचे, हे ठरलेले असे. त्यामुळे उत्तम कापड ही दरबाराची नित्याची गरज होती.

मालेरावाची कारकीर्द वर्षभरही टिकली नाही. त्याच्या शेवटाबद्दल माल्कमने एक कथा नोंदवली आहे. मालेरावाने वाड्यातील एका दासीच्या संशयावरून वस्त्रांवर कशिदा काढणाऱ्या एका कारागिराला ठार मारले. तो निर्दोष होता, हे पुढे उघड झाले. पश्चात्तापाने मालेरावाच्या मनाचा तोल गेला आणि त्या कारागिराचे भूत आपल्याला झपाटते आहे, असे तो बडबडू लागला. अहिल्याबाई मुलाच्या उशाशी रात्रंदिवस बसून राहिल्या. मृताच्या आत्म्यासाठी देऊळ बांधीन, त्याच्या कुटुंबाला जहागीर लावून देईन, असे त्या विनवीत राहिल्या. उपाय चालला नाही. १७६७ मध्ये मालेराव गेला. मुलाच्या मृत्यूला आईच कारण झाली, अशी कुजबुजही त्या वेळी उठली होती. माल्कमने चौकशीअंती ती निराधार ठरवली.

कथेतील भुताचा भाग बाजूला ठेवला तरी तिच्यातील एक गोष्ट लक्षात राहते. आपल्या घरात एका कारागिराचा अन्यायाने बळी गेला, याची जाणीव या आईला होती आणि त्याच्या कुटुंबाची भरपाई करणे हा तिला सुचलेला पहिला उपाय होता.

नर्मदाकाठची राजधानी

मालेरावाच्या मृत्यूनंतर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला. अहिल्याबाईंनी तो मानला नाही. तेव्हा चंद्रचूडांच्या सांगण्यावरून राघोबादादा फौजेसह होळकरांच्या दौलतीवर चालून आले. अहिल्याबाईंनी लढाईची तयारी केली, शेजारच्या सरदारांना मदतीसाठी पत्रे धाडली आणि स्त्रीशी लढून जिंकल्यास कीर्ती नाही, हरल्यास मात्र नाचक्की होईल, हे दादांना कळवले. पुण्यात थोरले माधवराव पेशवे होते. त्यांनी अहिल्याबाईंचा अधिकार मान्य केला. सैन्याचे नेतृत्व मल्हाररावांच्या विश्वासातील तुकोजी होळकरांकडे गेले, दौलतीचा कारभार अहिल्याबाईंकडे राहिला.

राजधानीसाठी त्यांनी नर्मदेकाठचे महेश्वर निवडले. प्राचीन माहिष्मती म्हणजेच हे गाव, अशी परंपरा आहे. सहस्रार्जुनाच्या कथा या घाटाशी जोडलेल्या आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उत्तम सुती कापडाच्या ठिकाणांमध्ये माहिषक हे नाव येते आणि काही अभ्यासक त्याचा संबंध माहिष्मतीशी लावतात. म्हणजे कापडाची आठवण या मातीला जुनी असावी. मात्र अहिल्याबाई येथे आल्या तेव्हा वैभव ओसरलेले होते. किल्ल्याची डागडुजी झाली, नदीपर्यंत उतरणारे दगडी घाट बांधले गेले, देवळे उभी राहिली. राहण्यासाठी मात्र त्यांनी लाकडी खांबांचा साधा वाडा पसंत केला.

त्यांचा दिनक्रम माल्कमने तपशिलाने दिला आहे. पहाटेपूर्वी उठून पूजा, पुराणश्रवण, दानधर्म आणि अन्नदान. त्यानंतर साधे शाकाहारी भोजन आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार भरे तो सूर्यास्तापर्यंत चाले. संध्याकाळच्या पूजेनंतर रात्री नऊ ते अकरा पुन्हा कामकाज. वर्षानुवर्षे हा क्रम चुकला नाही. दरबारात कोणालाही थेट येऊन गाऱ्हाणे मांडता येई.

इंदूरजवळ तुकोजींचा मुक्काम असताना एक श्रीमंत सावकार निपुत्रिक वारला. त्याची मालमत्ता जप्त करण्याचा घाट छावणीत घातला गेला. सावकाराच्या विधवेने महेश्वर गाठले. अहिल्याबाईंनी तिची मालमत्ता तिच्याकडेच राहील असा हुकूम दिला आणि तुकोजींना तेथून मुक्काम हलवण्यास सांगितले. डोंगरातील भिल्ल वाटसरूंना लुटत, तेव्हा त्यांनी आधी जरब बसवली आणि नंतर भिल्लांची जुनी भिलकवडी, म्हणजे त्यांच्या मुलखातून जाणाऱ्या मालावरील लहानशी पट्टी, मान्य केली. बदल्यात त्या वाटेवरील प्रवाशांची सुरक्षितता भिल्लांवर सोपवली. सूत, रंग आणि कापड यांचा व्यापार अशा निर्धास्त वाटांवरच चालू शकतो.

विणकर आले, वस्ती झाली

विणकरांना महेश्वरला कोणी आणि कधी आणले, याची गावातील परंपरा एकमुखाने अहिल्याबाईंकडे बोट दाखवते. सुरत, बुऱ्हाणपूर, मांडू अशा विणकामाच्या जुन्या ठिकाणांहून त्यांनी कुशल कारागिरांना बोलावले, घरांसाठी जागा दिली आणि दरबाराकडून काम मिळेल अशी हमी दिली, असे सांगितले जाते. सुरुवातीला प्रामुख्याने पागोट्यांचे कापड आणि नऊवारी लुगडी विणली जात. महेश्वरला येणारे पाहुणे, वकील, सरदार आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया यांना ही वस्त्रे भेटीदाखल दिली जात. बाहेरून महागडी वस्त्रे विकत आणण्याऐवजी आपल्याच गावात ती तयार व्हावीत, त्यातून चार घरांच्या चुली पेटाव्यात, असा हा व्यवहारी हिशेब होता. ज्या राज्यकर्त्या दप्तरातील पैन्‌पै तपासत, त्यांना तो सहज सुचावा.

नक्षीच्या बाबतीत महेश्वरच्या विणकरांनी दूर पाहिले नाही. किल्ल्याच्या भिंती, देवळांची जोती, घाटावरील खांब यांवर कोरलेल्या आकृत्या त्यांनी काठावर उतरवल्या. चटईची वीण, विटांची रचना, हिऱ्याचा चौकोन, चमेलीचे फूल, नर्मदेच्या पाण्याची लहर ही काठांची नावे तेव्हापासून चालत आली आहेत. दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या काठाला बुगडी म्हणतात. साड्यांचे पाच मूळ प्रकार मानले जातात : चंद्रकला, बैंगणी चंद्रकला, चंद्रतारा, बेली आणि परबी. पहिले दोन साध्या अंगाचे, उरलेले तीन रेघांचे किंवा चौकडीचे. मराठी घरांत चंद्रकळा म्हटले की काळे लुगडे डोळ्यांपुढे येते; महेश्वरच्या यादीतील हे नाव त्याच कुळातले आहे.

मूळ महेश्वरी संपूर्ण सुती असे. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, रेशीम आणि बाण्याला सूत ही आजची लोकप्रिय पद्धत त्यामानाने अलीकडची आहे. रेशमामुळे तिला झळाळी येते आणि सुतामुळे ती अंगावर हलकी बसते. काम मात्र पूर्वीसारखेच घरभर पसरलेले असते. ताणा लावण्याला दोन-तीन माणसे लागतात, कांड्या भरण्याचे काम घरातील बायका आणि वडीलधारी मंडळी करतात, माग चालवणारा पायाने पावड्या दाबत हाताने धोटा फेकतो. काठाची नक्षी जितकी बारीक, तितके धागे मोजण्याचे कष्ट अधिक.

अहिल्याबाईंचे नाव देशभर घेतले जाते ते त्यांच्या बांधकामांमुळे. काशीचे विश्वेश्वराचे मंदिर १७८० मध्ये उभे राहिले, सोमनाथ येथील मंदिर १७८३ मध्ये, गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धारही त्यांचाच. याशिवाय घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे यांची यादी बद्रीनाथपासून रामेश्वरपर्यंत जाते. हा खर्च होळकरांच्या खासगीतून होत असे. माल्कमच्या वर्णनात मात्र मंदिरांच्या बरोबरीने लहान वाटणाऱ्या गोष्टीही आहेत. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रस्त्यावर पाणी देणारी माणसे नेमलेली असत, नांगराचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजले जाई, आणि थंडी सुरू झाली की आश्रितांना व दुबळ्या, आजारी माणसांना मोठ्या संख्येने कपडे वाटले जात. भेटीच्या लुगड्यांइतकाच हा कपडाही कोणाच्या तरी मागावरून उतरत होता.

अखेरचा आघात

माणसांच्या बाबतीत मात्र त्यांच्या पदरी हानीच आली. मुलखातील दरोडेखोरांचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, असे त्यांनी जाहीर केले होते आणि यशवंतराव फणसे या तरुणाने ते करून दाखवून मुक्ताबाईचा हात मिळवला, अशी कथा प्रसिद्ध आहे. या जोडप्याचा मुलगा नथोबा हा अहिल्याबाईंचा आधार होता. तो ऐन तारुण्यात वारला. पाठोपाठ १७९१ मध्ये यशवंतराव गेले आणि मुक्ताबाईने सती जाण्याचा निर्णय घेतला. सदतीस वर्षांपूर्वी ज्या वाटेवरून सासऱ्यांनी अहिल्याबाईंना मागे आणले होते, तीच वाट आता मुलीने धरली. अहिल्याबाईंनी तिला परोपरीने विनवले. ती बधली नाही. नर्मदेच्या काठी पेटलेल्या चितेजवळ त्या उभ्या होत्या आणि दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. चिता शांत झाल्यावर नदीत स्नान करून त्या वाड्यात परतल्या. तीन दिवस त्यांनी जवळजवळ अन्नपाणी घेतले नाही, कोणाशी बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी मृतांच्या स्मरणार्थ एक सुंदर वास्तू उभारायला सांगितली आणि पुन्हा दरबारात बसू लागल्या.

सतीच्या रूढीपुढे त्या हतबल ठरल्या, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत वेदनादायक बाजू. इतरांच्या विधवांना मालमत्तेचा आणि दत्तकाचा हक्क मिळवून देणाऱ्या राज्यकर्तीला स्वतःच्या मुलीला जगण्यासाठी राजी करता आले नाही. शेवटच्या काळात तुकोजींशी पैशांवरून कटकटी वाढल्या आणि १७९३ मध्ये लाखेरी येथे शिंद्यांच्या कवायती फौजेने होळकरांचा पराभव केला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वर येथे अहिल्याबाईंचे निधन झाले.

मागांचे पुढे काय झाले

दोन वर्षांनी तुकोजी गेले आणि वारसाहक्काच्या भांडणात होळकरांची दौलत होरपळली. १८१८ मध्ये मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला गेली. दरबार उठला की दरबाराची गिऱ्हाइकी उठते. महेश्वरचे विणकर तरीही टिकले, कारण नऊवारी नेसणाऱ्या मराठी स्त्रियांची मागणी कायम होती. पुढे गिरण्यांचे स्वस्त कापड आले, १९४८ मध्ये होळकरांचे संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि नऊवारीची जागा पाचवारीने घेतली. एकेक माग बंद पडू लागला. विणकरांची मुले मजुरीसाठी बाहेर पडली.

१९७९ मध्ये रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी स्थापन केली. रेवा हे नर्मदेचेच नाव. गावातील काही स्त्रियांना माग चालवायला शिकवण्यापासून या संस्थेची सुरुवात झाली. तोपर्यंत बायकांचे काम कांड्या भरण्यापुरते मानले जाई. आता त्या मागावर बसू लागल्या, स्वतःच्या नावाने मजुरी घेऊ लागल्या. जुन्या काठांचे नमुने शोधून पुन्हा विणले गेले, रेशीम आणि सुताचे हलके वस्त्र शहरांतील ग्राहकांना आवडले आणि गावातील इतर विणकरांनाही काम मिळू लागले. महेश्वरच्या साडीला पुढे भौगोलिक मानांकनही लाभले. आज तेथे विणणाऱ्यांत मुस्लीम अन्सारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. देवळाच्या जोत्यावरील नक्षी ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या काठावर विणत आली आहेत आणि तिचा जिव्हाळाही त्यांनीच जपला आहे.

अडचणी संपलेल्या नाहीत. यंत्रमागावर विणलेली, छापील काठाची नक्कल महेश्वरी या नावाने बाजारात सर्रास विकली जाते आणि ती हातमागाच्या साडीपेक्षा पुष्कळ स्वस्त असते. दोन्हींतील फरक ओळखण्याची सोपी खूण म्हणजे काठ उलटून पाहणे. उलट्या बाजूलाही नक्षी तितकीच स्वच्छ असेल, तर ती बुगडी. एखाद्या माणसाने धागे मोजून विणलेली.

किल्ल्याच्या आवारात अहिल्याबाईंची गादी आजही पाहायला मिळते. ती पांढरी आहे. तेथून थोड्याच अंतरावर माग चालतात आणि त्यांचा खटखटाट वाड्याच्या अंगणापर्यंत ऐकू येतो.